टेनिस रॅकेट: विल्सनची ब्लेड ९८ की यॉनेक्सची परसेप्ट ९७?

या दोन रॅकेटींपैकी कुठली घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. वर एकांनी ‘कंट्रोल हवा तर डोळे झाकून ब्लेडची १८×२० घ्या’ (म्हणजे १८ उभ्या, २० आडव्या तारांची) म्हटलंय, ते काही पटलं नाही. तुम्हीच लिहिलंय की शनिवार-रविवार डबल्स खेळता, स्विंग आखूड आहे आणि तिसऱ्या सेटला हात जड होतो. अशा हाताने अशा दाट जाळीतून टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने फिरकी) काढायचा म्हणजे दमछाक. बॉल सपाट जातो आणि सर्व्हिस लाइनपाशीच पडतो, समोरचा पुढे येऊन मारायला मोकळा! ब्लेड घ्यायचीच तर १६×१९ बघा.

परसेप्ट म्हणजे यॉनेक्सची आधीची व्हीकोअर प्रो, २०२३ मध्ये नाव बदललं. तारांशिवाय ती ३१० ग्रॅम, ब्लेड ३०५. या पाच ग्रॅमवरून वाद घालण्यात अर्थ नाही, आपली घामाने भिजलेली ओव्हरग्रिपच तेवढी भरते. ९७ हा डोक्याचा आकडा (चौरस इंचांत) लहान वाटला तरी तिचं डोकं चौकोनी वळणाचं आहे, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात लागलेला बॉलही बऱ्यापैकी निघतो. माझं मत परसेप्टला, पण तुमच्यासाठी ९७ नव्हे, ३०० ग्रॅमची परसेप्ट १००.

डेमो घ्याल तेव्हा दोन्हींत तार आणि टेन्शन (तारांचा ताण) सारखंच आहे ना, विचारून घ्या. एकीत कडक पॉली (पॉलिएस्टर तार) आणि दुसरीत मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ तार) असेल तर फ्रेमचं काहीच कळणार नाही. आणि नॅचरल गटच्या (जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या तारेच्या) फंदात पडू नका, मुंबईच्या दमट हवेत ती लवकर उसवते.