रात्रीच्या मासेमारीसाठी पाण्याखालचा दिवा : कोणता घ्यावा आणि कसा वापरावा?

प्रश्न : बंदरवाट

नमस्कार. मी ह्यूस्टनजवळ राहतो. माझ्याकडे 21 फुटी, आउटबोर्ड इंजिनाची फायबरची बोट आहे आणि गॅल्व्हेस्टनच्या उपसागरात मी गळाने मासेमारी करतो. उन्हाळ्यात दिवसा पाण्यावर बसवत नाही, म्हणून या वर्षी रात्री नांगर टाकून, पाण्यात दिवा सोडून स्पेकल्ड ट्राउट या खाऱ्या पाण्यातल्या माशासाठी बसण्याचा विचार आहे. दुकानात हिरवे, निळे, पांढरे असे सगळ्या रंगांचे दिवे मिळतात. काही बोटीच्या मागच्या फळीवर कायमचे बसवायचे असतात, तर काही केबलने खाली सोडायचे. पेट्यांवर ल्युमेनचे, म्हणजे प्रकाशाच्या मापाचे, जे आकडे छापलेले असतात, त्यांवर कितपत विश्वास ठेवावा हेही कळत नाही.

आणखी एक विचारायचे आहे. देवगडला माझ्या चुलतभावाची लहान यांत्रिक होडी आहे. त्यानेही असाच एक दिवा पाठवण्याचा आग्रह धरला आहे. तिकडे तो चालेल का?

उत्तर : खारेवारे

मी टेक्सासच्याच किनाऱ्यावर, तुमच्यापेक्षा बराच दक्षिणेला असतो आणि अशाच उथळ खाड्यांत रात्री बसतो, त्यामुळे पहिल्या भागाविषयी लिहितो.

रंगाचा निर्णय पाण्यावर सोपवावा, जाहिरातीवर नव्हे. स्वच्छ खोल समुद्रात निळा प्रकाश सर्वांत दूर जातो आणि लाल पहिल्या काही मीटरांतच संपतो. किनाऱ्याजवळ आणि खाडीत मात्र कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून विरघळलेली पिवळसर द्रव्ये निळा प्रकाश गिळून टाकतात, आणि तेथे हिरवा सर्वांत पुढे पोहोचतो. तुमच्या उपसागरात ट्रिनिटी आणि सॅन जॅसिंटो या नद्यांचे गढूळ पाणी येते, त्यामुळे तेथे हिरव्यालाच पसंती द्यावी. पांढरा दिवाही मासे आणतो, पण गढूळ पाण्यात त्याचा बराचसा प्रकाश गाळावरून उलटून डोळ्यांवर येतो. निळा घ्यायचा असेल तर तो दूर खुल्या आखातात जाणाऱ्यांनी घ्यावा.

ल्युमेनच्या आकड्याऐवजी दिवा किती अँपिअर घेतो ते पाहावे. चांगला एलईडी वॉटमागे साधारण 100 ते 150 ल्युमेन देतो. पेटीवर 15000 ल्युमेन छापलेला दिवा 12 व्होल्टवर 2 अँपिअरच घेत असेल तर तो 24 वॉटचा झाला, आणि त्यातून तीन-साडेतीन हजारांपेक्षा अधिक ल्युमेन निघणे शक्य नाही. माझ्या मते तुमच्या बोटीला 50 ते 60 वॉटचा एक खरा दिवा पुरेसा आहे. गढूळ पाण्यात त्याहून जास्त ताकद लावून प्रकाशाचे वर्तुळ फारसे वाढत नाही, बॅटरी मात्र लवकर उतरते.

मागच्या फळीवर कायमचे बसवायचे दिवे दिसायला सुंदर असतात, पण तुमच्या कामासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. त्यांचा झोत एकाच दिशेला जातो, बोट खाऱ्या पाण्यातच उभी राहत असेल तर त्यांच्या काचेवर शेवाळ आणि कालवांसारखे कवचाचे जीव चढतात, आणि त्यांच्यासाठी फायबरला छिद्रे पाडावी लागतात. सोडायचा दिवा हवा तेथे, हवा तेवढा खाली नेता येतो आणि काम झाले की गोड्या पाण्याने धुऊन ठेवता येतो. फक्त तो केबलवर लोंबकळत ठेवू नये. वेगळी दोरी बांधावी आणि शिशाचे पुरेसे वजन लावावे, नाहीतर प्रवाह त्याला उचलून बोटीखाली नेतो. पाण्यात उतरवल्यावरच तो लावावा, कारण हे दिवे पाण्याने थंड राहतील अशाच बेताने बनवलेले असतात आणि हवेत पेटते ठेवले तर तापून लवकर निकामी होतात.

आता वापराविषयी, कारण बहुतेकांचे लक्ष दिव्याच्या खरेदीवरच असते. दिवा माशांना थेट ओढत नाही. आधी प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि खेकड्यांची अळीरूपे उजेडाकडे येतात, त्यांच्यामागे कोळंबी आणि बोटभर लांबीचे मासे, आणि सर्वांत शेवटी मोठा शिकारी मासा. ही साखळी जमायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत काही दिसले नाही म्हणून जागा बदलू नये. पाणी वाहते असले पाहिजे. भरती किंवा ओहोटी चालू असताना, खोल पाट आणि उथळ भाग जेथे मिळतात त्या काठावर नांगरावे. अमावस्येच्या आसपासच्या रात्री सर्वांत चांगल्या, कारण पौर्णिमेला साऱ्या पाण्यावरच उजेड असतो आणि तुमच्या दिव्याचे वेगळेपण उरत नाही.

ट्राउट दिव्याखाली येऊन थांबत नाही. हिरव्या वर्तुळात कोळंबीचे डोळे नारिंगी ठिपक्यांसारखे चमकताना दिसतात, त्यांच्याभोवती लहान माशांचा थवा फिरत असतो, आणि उजेड व अंधार यांच्या सीमेवर मधूनच पाणी फुटल्याचा 'टप्' असा आवाज येतो. तोच तुमचा मासा. तो तोंड प्रवाहाकडे करून अंधारात उभा असतो आणि उजेडातून वाहत येणारे भक्ष्य टिपतो. म्हणून गळ उजेडाच्या मध्यभागी न टाकता प्रवाहाच्या वरच्या बाजूला अंधारात टाकावा आणि सीमेवरून वाहत येऊ द्यावा. आमिष लहान असावे. दिव्याजवळ मासे ज्या आकाराचे भक्ष्य खात आहेत त्याहून मोठ्या आमिषाकडे ते फिरकतही नाहीत. दिवा बोटीच्या ज्या बाजूला सोडला असेल तिच्या उलट बाजूला बोटीची सावली पडते, तेथेही एक गळ ठेवून पाहावा. डेकवरचे पांढरे दिवे बंद ठेवावेत आणि कपाळावरच्या विजेरीला लाल उजेड असेल तर तोच वापरावा.

उत्तर : तारमिस्त्री

वरील उत्तराशी सहमत आहे. मी बोटींच्या विद्युत जोडणीचे काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. 60 वॉटचा दिवा 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो, म्हणजे सहा तासांत 30 अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीची निम्मीच क्षमता वापरावी हा नियम धरला, तर दिव्यासाठी किमान 60 ते 70 अँपिअर-तासांची डीप-सायकल (बराच वेळ सावकाश वीज देणारी) बॅटरी हवी, आणि ती इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीपासून पूर्णपणे वेगळी हवी. मध्यरात्री, किनाऱ्यापासून दूर इंजिनाचा स्टार्टर फिरला नाही तर ती गैरसोय राहत नाही, धोका होतो.

केबलकडे दुर्लक्ष करू नये. स्वस्त दिव्यांना 18 गेजची बारीक केबल असते (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड). 10 मीटर लांब केबलमधून जाण्या-येण्याचे मिळून 20 मीटर अंतर होते आणि 5 अँपिअरला सुमारे 2 व्होल्ट वाटेतच गळतात. 14 गेजच्या केबलीत हीच घट एका व्होल्टच्या आत राहते. बोटीवरच्या जोडणीसाठी कल्हई केलेली तांब्याची तार वापरावी, सांध्यांवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ 7.5 अँपिअरचा फ्यूज बसवावा. मगरदाती चिमटे खाऱ्या हवेत काळे पडतात आणि जोराच्या लाटेबरोबर निसटतात, त्यामुळे ते कायमची जोडणी म्हणून वापरू नयेत.

उत्तर : किनारपट्टी

देवगडच्या भावाविषयीचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण मी सिंधुदुर्गातच राहतो आणि आमच्या घरात पारंपरिक मासेमारी आहे. कृपया तो दिवा पाठवू नका.

केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे 12 सागरी मैलांच्या पुढे, एलईडी आणि इतर कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली आहे आणि तीत पाण्याखालच्या दिव्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. 12 मैलांच्या आतले पाणी राज्याच्या अखत्यारीत येते. तेथे महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू आहे, आणि 2021 च्या सुधारणेनंतर एलईडी मासेमारीसाठी 5 लाखांपासून 20 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमचा भाऊ फक्त गळच टाकणार आहे असा युक्तिवाद कदाचित करता येईल, पण गस्ती नौकेला दुरून दिसतो तो परवाना असलेल्या यांत्रिक होडीवरचा दिवा. दंडाची ही रक्कम लहान होडीच्या मालकाला पेलणारी नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी आमच्याकडे या दिव्यांविषयी एवढा रोष का आहे, हे तुम्हाला कळावे असे वाटते. येथे एलईडी म्हटले की गळ आणि एकटा मासेमार डोळ्यांसमोर येत नाही. जनरेटर लावलेली नौका प्रखर दिव्यांनी बांगडे, तारली, पेडवे यांचे थवेच्या थवे एका जागी गोळा करते आणि मग पर्ससीनचे, म्हणजे थव्याभोवती टाकून खालून आवळायचे, जाळे त्या साऱ्यांना एकदम वेढते. त्यात पिल्लेही जातात. दुसऱ्या दिवशी रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) ओढणाऱ्यांच्या आणि लहान जाळी टाकणाऱ्यांच्या हाती फार थोडे लागते. यावरून समुद्रात आणि बंदरांत संघर्ष झाले आहेत. अशा वातावरणात तुमच्या भावाच्या होडीवर हिरवा उजेड दिसला तर त्याच्याकडे संशयाने पाहिले जाईल, आणि गावात ते त्याला फार जड जाईल.

त्याला म्हाकूल (स्क्विड) पकडण्याची आवड असेल तर रॉड, बारीक दोरा आणि कोळंबीच्या आकाराचे चांगले जिग (गळ लावलेली कृत्रिम आमिषे) पाठवा. तेही येथे सहज मिळत नाहीत.

प्रश्नकर्ता : बंदरवाट

आपणा सर्वांचा आभारी आहे. देवगडला दिवा पाठवणार नाही. भावाशी आजच बोललो आणि जिगचे त्याला पटले. माझ्यापुरता 60 वॉटचा हिरवा, सोडायचा दिवा आणि 14 गेजची केबल असे ठरवले आहे. एक शंका उरली आहे : पाण्यातला हिरवा उजेड येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना माझ्या बोटीच्या उजव्या बाजूला नियमाने लावायचा हिरवा दिवा वाटणार नाही का?

उत्तर : खारेवारे

शंका अगदी योग्य आहे. जहाजांच्या दिव्यांचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांनुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ठरलेल्या दिव्यांशी गल्लत होईल असा कोणताही दिवा दाखवता येत नाही, आणि अमेरिकेच्या अंतर्गत पाण्यातही नियम तोच आहे. म्हणून चालत्या बोटीवर पाण्याखालचा दिवा कधीही लावू नये, मग तो हिरवा असो वा लाल. नांगरलेले असताना सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा उंचावर लावावा. 7 मीटरपेक्षा लहान बोटीला वर्दळीपासून दूर असताना त्यातून सूट आहे, आणि तुमची बोट त्या मापात बसते. पण तुमच्या उपसागरातून ह्यूस्टनचा जहाजमार्ग जातो, तेव्हा त्या सवलतीचा आधार घेऊ नये आणि मार्गापासून बरेच आत नांगरावे. दिवा पाण्यात सोडला की इंजिन वर उचलून ठेवावे. निघताना आधी दिवा आणि दोरी बोटीत घ्यावी, केबल पंख्यापासून दूर आहे हे हाताने चाचपून पाहावे आणि त्यानंतरच इंजिन खाली सोडावे. मासे ठेवण्याची संख्या आणि लांबी यांचे नियम टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ दर वर्षी प्रसिद्ध करते. ट्राउटच्या बाबतीत ते अलीकडे कडक झाले आहेत, तेव्हा जुन्या आठवणीवर न जाता या वर्षीची पुस्तिका पाहावी.