थीम पार्क ऑपरेशन्समध्ये वर जायचंय: कामाची वाट आणि टीम सांभाळण्याबद्दल सल्ला हवा

चक्रपाळणा:
राईड सुपरवायझर ते अख्ख्या पार्कचा प्रमुख, ही वाट कशी जाते? एमबीए आधी की अनुभव? आणि 'माणसं जपणारा मॅनेजर' रोजच्या शिफ्टमध्ये नेमकं करतो काय? भाषण नको, करता येईल असं सांगा.

तिकीटखिडकी:
डिग्री नंतरही होते, पण एकाच खात्यात रुतून बसू नका. जॉर्ज कॅलोग्रिडिस १९७१ मध्ये फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या पार्क-संकुलाच्या हॉटेलात टेबलं आवरायला लागले आणि २०१३ मध्ये तिथलेच अध्यक्ष झाले. मधल्या काळात तिथलं एपकॉट पार्क, मग पॅरिस आणि कॅलिफोर्नियातली डिस्ने पार्क, सगळं झालं. डिक नुनिस १९५५ मध्ये डिस्नेलँडच्या ट्रेनिंग विभागात मदतनीस होते. १९९९ मध्ये निवृत्त झाले तेव्हा सगळ्या पार्क विभागाचे चेअरमन होते.

लॅपबार:
'माणसं जपणारा मॅनेजर' काय करतो, याचं उत्तर रोस्टरमध्ये (ड्यूटीच्या वेळापत्रकात) आहे. आठ तासांची शिफ्ट, अर्ध्या तासाचं जेवण आणि पंधरा मिनिटांचे दोन ब्रेक धरा. म्हणजे माणशी एक तास. राईडवर कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीच्या सहा जागा असतील तर सहा तासांची बदली लागते. रिलिव्हरचा (ब्रेकच्या वेळी बदली उभा राहणाऱ्याचा) स्वतःचा ब्रेक वजा जाता त्याचे सात तास उरतात, म्हणजे एक तास हाताशी. सातवी जागा वाढवलीत की तो तासही संपला. एक जण उशिरा आला तरी कुणाचा तरी ब्रेक बुडतो. बहुतेक सुपरवायझर हे गणित न मांडताच 'टीमला उत्साह नाही' म्हणतात.

आता वेग. २४ सीटची गाडी दर ६० सेकंदांनी सुटली तर ताशी १४४० माणसं. ७५ सेकंदांवर गेली की ११५२. हे २८८ जण ऑपरेटरच्या आळसामुळे कमी होत नाहीत. पाहुणे प्लॅटफॉर्मवर आल्यावर बॅग नि मोबाईल ठेवायला जागा शोधतात, किंवा 'किती जण?' विचारणारा माणूस रांगेच्या तोंडाशी नसतो आणि कोण कुठे बसणार ही जुळवाजुळव गाडीपाशी होते. बॅगांची सोय गेटच्या आधी करा, तो माणूस परत उभा करा. लॅपबार (मांडीवरचा सुरक्षा दांडा) ओढून बघण्याच्या वेळेतून मात्र एक सेकंदही कापू नका.

थांबा_बटण:
+१. त्यात भर: कुणी राईड थांबवली तर पाहुण्यांसमोर 'का थांबवली?' विचारू नका. 'काय दिसलं?' एवढंच विचारा आणि नोंद करा. एकदा का चारचौघांत झापलं, की पुढच्या वेळी हात बटणावर जायला कचरतो. राईड किती कमी वेळ बंद राहिली यावर बोनस जोडला तरी तेच होतं.

डिस्नेचा क्रम इथे कामाला येतो: सुरक्षा, सौजन्य, शो (पाहुण्यांना दिसणारा नीटनेटका देखावा), कार्यक्षमता (२०२० मध्ये समावेशकतेची भर पडली). शब्द कुणीही भिंतीवर लावेल. उपयोग क्रमाचा आहे. मूल ट्रॅककडे धावलं तर ओरडायचं, सौजन्य नंतर.

चक्रपाळणा:
धन्यवाद. आधी कुठलं खातं मागून घेऊ?

लॅपबार:
मेंटेनन्स. पार्क उघडण्याआधीची तपासणी, रिकामी गाडी फिरवणं, सही करून राईड ऑपरेशन्सच्या ताब्यात देणं हे सगळं बघा. त्यानंतर मनुष्यबळाचं नियोजन. बजेट शिकायचं असेल तर तिथेच, कारण गर्दीच्या अंदाजात चूक झाली की किती माणसं जास्त किंवा कमी पडली ते त्याच दिवशी कळतं.