जुने फिल्म कॅमेरे: टेस्ट रोल खराब आला तर दोष नक्की कशात आहे हे कसं ओळखता?

फिल्मवेडा

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. दीड वर्षात माझ्याकडे सात जुने कॅमेरे जमलेत. तीन एसएलआर (आरशातून थेट लेन्समधलं दृश्य दाखवणारे), दोन रेंजफाइंडर (फाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचे), एक घडीचा बेलोजवाला (भात्यासारखा उघडणारा) आणि एक छोटा, ज्याच्या लेन्सभोवती सेलेनियमची (उजेडावर वीज करणाऱ्या पदार्थाची) ती मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते तसला. पहिला मामांनी कपाटातून काढून दिला आणि त्याचं शटर उडवलं तेव्हा जो आवाज आला ना, तिथेच हे वेड लागलं. मला ते शोभेला मांडून ठेवायचे नाहीयेत, प्रत्येकातून निदान एक रोल तरी नीट निघावा असं मनापासून वाटतं.

अडचण अशी की माझी टेस्ट म्हणजे रोल भरायचा, दिसेल त्याचे ३६ फोटो काढायचे, लॅबला द्यायचं आणि स्कॅन आले की ते बघत बसायचं. मागच्या महिन्यात तीन कॅमेऱ्यांतून तीन रोल काढले. एका एसएलआरचे सगळे फोटो मळकट, सावल्यांमध्ये नुसती दाणेदार राख. दुसऱ्यात बऱ्याच फ्रेमवर डावीकडे नारंगी पट्टा. रेंजफाइंडरचे जवळचे फोटो छान पण लांबचे सगळे मऊ. लॅबवाले म्हणाले फिल्म जुनी असेल, मित्र म्हणतो मीटर (उजेड मोजणारा भाग) गेलंय, तिसरा म्हणतो कॅमेराच काढून टाक. तिन्ही रोल एकाच वेळी घेतलेले आहेत, मग फिल्म जुनी कशी? तुम्ही लोक रोल घालायच्या आधी काय काय तपासता आणि टेस्ट रोल काढता कसा, सविस्तर सांगाल का?

अंधारखोली

आधी ते स्कॅन बंद करा आणि लॅबकडून निगेटिव्ह परत आणा. स्कॅनर प्रत्येक फ्रेमचा उजेड आपल्या मनाने सारखा करून देतो, त्यामुळे कमी एक्सपोज झालेली (कमी उजेड मिळालेली) फ्रेमसुद्धा स्क्रीनवर बरी दिसते, फक्त मळकट आणि दाणेदार होते. खरं काय घडलं ते निगेटिव्हवरच असतं. खिडकीच्या उजेडात धरलं तरी पुरतं.

पहिल्यांदा कडेचे आकडे बघा, फ्रेमचे नंबर आणि फिल्मचं नाव असतं ना ते. ते फिल्म बनवतानाच छापलेले असतात, त्यात तुमच्या कॅमेऱ्याचा काही हात नसतो. आकडे ठसठशीत आणि फ्रेम पातळ असतील तर डेव्हलपिंग बरोबर झालंय आणि एक्सपोजर कमी पडलंय. आकडेही फिकट असतील तर डेव्हलपिंगकडे बघायचं. लॅबवाल्याशी वाद घालायच्या आधी एवढं बघितलं की बरंचसं कळतं.

मग तो नारंगी पट्टा. तो फ्रेमच्या बाहेर, फिल्मच्या कडेच्या भोकांपर्यंत पसरलाय का? पसरला असेल तर उजेड मागच्या दारातून शिरतोय. फ्रेमच्या आतच कापल्यासारखा थांबत असेल तर शटरचा पडदा किंवा पुढचा भाग संशयित. आणि हे विसरू नका की फिल्मवर चित्र उलटं पडतं. फोटोत डावीकडे दिसणारा डाग म्हणजे कॅमेरा हातात धरल्यावर उजवीकडची बाजू, आणि बहुतेक ३५ एमएम कॅमेऱ्यांच्या दाराची बिजागरी तिथेच असते. मी बघितलेल्या जुन्या एसएलआरमध्ये तिथला फोम नेहमीच चिकट काळा डिंक झालेला असतो, बोट लावून बघा.

लिव्हर_ओढा

वरचं सगळं पटलं, पण मी म्हणेन की रोल घालायच्या आधीच निम्मं काम होतं. सगळ्यात पहिलं, मागचं दार उघडायच्या आधी रिवाइंड नॉब बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. अडलं तर आत कुणाची तरी फिल्म आहे! एकदा घाईत दार उघडून मी कुणाच्या तरी आठवणी जाळल्या आहेत, ते अजून मनाला लागतं.

आत रोल नसला की दार उघडा, लेन्स काढता येत असेल तर काढा, आणि पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरून (सूर्याकडे अजिबात नाही) मागून बघत प्रत्येक स्पीडला शटर उडवा. सगळ्यात वेगवान स्पीडला चौकट पूर्ण उजळली पाहिजे. एका बाजूला अंधार राहिला तर दोन पडदे सारख्या वेगाने धावत नाहीयेत आणि फोटोतही ती बाजू काळी येणार. हळू स्पीडसाठी फोनचा स्लोमोशन व्हिडिओ वापरा, सेकंदाला २४० फ्रेमवाला. १/३० ला शटर साधारण ८ फ्रेम उघडं दिसलं पाहिजे, १/६० ला ४. त्याच्या पुढे या पद्धतीवर भरवसा ठेवू नका, १/२५० ला फ्रेम एक की दोन यावरून काय ठरवणार?

कापडी पडदा असेल तर अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या बाजूने टॉर्च लावून मागून बघा, चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर भोकं आहेत. रेंजफाइंडरमध्ये पडद्यासमोर आरसा नसतो, लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हात राहिला तर भिंगाने कागद जळावा तसा पडदा जळतो. आणि तुमच्याकडे झोर्की किंवा फेड (जुने सोव्हिएत रेंजफाइंडर) असेल तर स्पीड बदलायच्या आधी शटर चार्ज करा (फिल्म पुढे घ्यायचा नॉब फिरवून ताणा), उलट केलंत तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

हात जोडून एक विनंती, अडकलेल्या शटरवर तेलाचा फवारा मारू नका. लेन्समधल्या शटरच्या पाकळ्या कोरड्याच असायला हव्यात, तेल लागलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि शटर आणखी सुस्त होतं. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू पण बघून उघडा, त्यांची खाच नेहमीच्या फुलीसारखी दिसते पण जेआयएस (जपानी मानक) मापाची असते, चुकीच्या पेचकसने डोकं चेचलं जातं.

लांबचे फोटो मऊ येतात त्या रेंजफाइंडरसाठी, लेन्स इन्फिनिटीवर (सगळ्यात लांबच्या फोकसवर) ठेवा आणि खूप लांबचा खांब किंवा मनोरा फाइंडरमधून बघा. दोन प्रतिमा एकावर एक बसत नसतील तर रेंजफाइंडर सरकलाय. बसत असतील आणि तरी मऊ येत असेल तर मागे फिल्मच्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) उघडं ठेवा आणि लेन्स प्रत्यक्षात कुठे फोकस करतेय ते डोळ्यांनी बघा.

सेलेनियम

मळकट फोटोवाल्या एसएलआरमध्ये सेल कुठला घातलाय? माझा संशय तिथेच आहे. पूर्वीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं मीटर १.३५ व्होल्टच्या पारा असलेल्या सेलवर चालायचं, पीएक्स ६२५ सारख्या. ते सेल आता मिळत नाहीत आणि लोक त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन घालतात. काटा जास्त उचलला जातो, मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि फोटो अंडर (कमी एक्सपोज) येतात. काही कॅमेऱ्यांत ब्रिज सर्किट असतं, पेंटॅक्स स्पॉटमॅटिक त्यातलाच, त्यांना हा फरक बाधत नाही. बाकीच्यांसाठी श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक एअर सेल बघा, १.४ व्होल्टचा असतो, भोवती छोटी रिंग घातली की नीट बसतो, फक्त स्टिकर काढल्यावर काही महिन्यांतच संपतो.

सेलेनियमवाल्याला सेल लागतच नाही. ऑलिंपस ट्रिप ३५ असेल तर टेस्ट अगदी सोपी, ए (ऑटो) वर ठेवून जाळी हाताने पूर्ण झाका आणि बटण दाबा, फाइंडरमध्ये लाल झेंडी वर आली पाहिजे आणि शटर उडता कामा नये. मग झाकलेला हात काढून उजेडात परत दाबा, आता उडलं तर सेलेनियम जिवंत असल्याची चांगली खूण आहे.

सेलच्या खोबणीत हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर घाबरू नका, अल्कलाइनच्या गळतीवर कापसाच्या काडीने जरासं व्हिनेगर लावा, पूड सुटते, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा. मीटर मेलंय म्हणून मिळालेले माझे दोन कॅमेरे एवढ्यावरच चालू झाले, दोन्ही अजून वापरतो.

अंधारखोली

टेस्ट रोल कसा काढायचा ते राहिलंच. ३६ फोटो फिरत फिरत काढू नका. लख्ख ऊन, एकच भिंत, कॅमेरा स्टँडवर. आयएसओ २०० ची फिल्म असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड घेणारं भोक) एफ १६ ला शटर १/२५०, मग एफ ११ ला १/५००, एफ ८ ला १/१०००, आणि उलट्या बाजूला एफ २२ ला १/१२५. उजेड सगळ्यांत सारखाच पोचतो, म्हणजे निगेटिव्हवर चारही फ्रेम सारख्या गडद दिसल्या पाहिजेत. जी जास्त काळी तिथे शटर रेंगाळतंय किंवा अ‍ॅपर्चरच्या पाकळ्या वेळेत मिटत नाहीयेत. मग फोकस तपासायला एक मोजपट्टी तिरकी ठेवून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला जवळून एक फोटो. आणि मध्येच एकदा लेन्सला टोपी लावून कॅमेरा उन्हात पाचेक मिनिटं सगळ्या बाजूंनी फिरवा, गळती असेल तर ती फ्रेम सांगेल. हे सगळं वहीत फ्रेम नंबरसकट लिहा. वही नसेल तर दोन आठवड्यांनी निगेटिव्ह हातात आल्यावर काहीच आठवत नाही, माझे सुरुवातीचे कितीतरी रोल असेच वाया गेले आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

फिल्मवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितोय कारण निगेटिव्ह आणायला आणि नवा रोल काढायला वेळ लागला.

मळकटवाल्याचे कडेचे आकडे एकदम ठसठशीत, फ्रेम मात्र पातळ. आत १.५ चाच सेल निघाला! झिंक एअर घातला आणि दुसऱ्या चांगल्या मीटरशी ताडून बघितलं, आता जवळजवळ जुळतंय. नारंगी पट्टा भोकांपर्यंत गेलाय, बिजागरीचा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला, तो अल्कोहोलने खरवडून काढायला अख्खी संध्याकाळ गेली आणि नवीन पट्टी लावली. रेंजफाइंडरमध्ये लांबच्या मनोऱ्याच्या प्रतिमा खरंच एकावर एक बसत नाहीत, पण तो मी स्वतः उघडणार नाही, दुरुस्तीवाल्याकडेच देणार.

भिंतीचा रोल फोम बदललेल्या एसएलआरमधून काढला, वही समोर ठेवून. १/१२५, १/२५० आणि १/५०० अगदी सारखे, १/१००० ची फ्रेम स्पष्ट जास्त काळी. एफ ८ ला १/२५० ने वेगळी फ्रेम काढून लेन्स पण तपासली, ती एफ १६ च्या फ्रेमपेक्षा बरोबर दोन स्टॉप (म्हणजे चौपट उजेडाइतकी) गडद आली, म्हणजे पाकळ्या ठीक आहेत आणि हजारचं शटरच हळू आहे. केसच्या आत चिठ्ठी चिकटवली आहे, १/१००० वापरू नये. आता उरलेत चार. बेलोजवाला रात्री अंधारात आतून टॉर्च लावून बघितला तर दोन कोपऱ्यांना घडीवर बारीक भोकं आहेत, ती कशाने बुजवता?