मदत हवी आहे : स्वतः रचलेल्या कल्पनाविश्वातील एल्फांचे दीर्घायुष्य खेळात जाणवावे कसे?

नमस्कार. आमचा गट एकत्र बसून भूमिकांचा खेळ (रोलप्लेइंग गेम) खेळतो; प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो. त्यासाठी मी एक नवे कल्पनाविश्व रचते आहे. नकाशा, माणसांची राज्ये, देवदेवता आणि जादूचे नियम बरेचसे ठरले आहेत. काम अडले आहे ते एल्फांपाशी, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या, पण फार दीर्घायुषी अशा रानातल्या जमातीपाशी. दोन खेळाडूंना एल्फ पात्रे घ्यायची आहेत, आणि टोकदार कान, हातात धनुष्य व बोलण्यात थोडी तुच्छता एवढ्याच भांडवलावर ती पात्रे उभी राहावीत हे मला पटत नाही. एल्फ आणि माणूस यांच्यातील मूळ भेद आयुष्याच्या लांबीचा आहे आणि एल्फांचे बाकीचे सारे वेगळेपण त्यातूनच निघायला हवे, अशी माझी धारणा आहे. ती प्रत्यक्ष खेळात कशी उतरवावी, याबद्दल अनुभवी गेम मास्टरांचा (गोष्ट आणि खेळाडूंची नसलेली पात्रे चालवणाऱ्यांचा) सल्ला हवा आहे.

आधी काय ठरले आहे ते सांगते. माझ्या विश्वातील एल्फ सरासरी ७०० वर्षे जगतो. एक पिढी २५ वर्षांची धरली, तर एका एल्फच्या हयातीत माणसांच्या २८ पिढ्या होऊन जातात. लोकसंख्येचा हिशेब त्याहून बोलका आहे. ७,००० एल्फांची वस्ती वाढू वा घटू द्यायची नसेल, तर तिच्यात वर्षाला साधारण १० मुले जन्मली की पुरे. तेवढ्याच माणसांच्या वस्तीत, सरासरी आयुष्य ५० वर्षांचे धरल्यास, वर्षाला १४० मुले जन्मावी लागतात. म्हणजे एखाद्या लढाईत २०० जण पडले, तर माणसांच्या वस्तीत तेवढी मुले दीड वर्षाच्या आत जन्मतात आणि एल्फांना त्यासाठी २० वर्षे लागतात. या एका हिशेबातून मला त्यांची युद्धनीती मिळाली : समोरासमोरची झुंज टाळायची, दुरून बाण मारायचा, रान सोडून मोकळ्या मैदानात उतरायचे नाही, आणि शत्रू म्हातारा होऊन मरेपर्यंत थांबणे शक्य असेल तर खुशाल थांबायचे. धनुष्य त्यांच्या हाती का आले, याला आता कारण आहे. मुलांचेही तसेच. एवढ्या मोठ्या वस्तीत पंधरा वर्षांखालील मुले जेमतेम दीडशे असतील, त्यामुळे एका मुलाला इजा होणे हा साऱ्या वस्तीवरचा घाला ठरतो आणि त्यासाठी एल्फ आपली सगळी सावधगिरी बाजूला ठेवतात.

जुन्या लोकसमजुतीही मी पाहिल्या. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या गद्य ‘एड्डा’ या पुराणकथांच्या ग्रंथामध्ये उजेडातले आणि काळोखातले असे एल्फांचे दोन प्रकार येतात, हे अनेकांना ठाऊक असेल; पण मला अधिक उपयोगी वाटल्या त्या त्यांच्याशी होणाऱ्या रोजच्या व्यवहाराच्या कथा. एका आइसलँडिक सागेत (जुन्या गद्य वीरकथेत) जखम बरी व्हावी म्हणून एल्फांच्या टेकडीला बैलाचे रक्त लावून त्यांना मांसाची मेजवानी देण्याचा उपाय सांगितला आहे. जुन्या इंग्रजी वैद्यकात अचानक उठणाऱ्या कळेमागे एल्फांचा बाण असू शकतो असे मानले जाई, आणि स्कॉटलंडमध्ये जमिनीत सापडणारी अश्मयुगातील गारगोटीची बाणाग्रे एल्फांचीच समजली जात. एल्फ हे असे शेजारी होते, की ज्यांच्याशी देवघेव चालते आणि ज्यांची भीतीही वाटते. ही भीती मला माझ्या विश्वात परत आणायची आहे.

खरी अडचण मात्र इतिहासाची आहे. मोहिमेचा, म्हणजे अनेक सत्रे चालणाऱ्या सलग गोष्टीचा, कणा म्हणजे ४०० वर्षांपूर्वी बुडालेले एक नगर. ते कशामुळे बुडाले हे माणसांना माहीत नाही आणि ते शोधून काढणे हेच खेळाडूंचे काम. पण आज ५०० वर्षांचा असलेला कोणताही एल्फ तेव्हा १०० वर्षांचा होता. त्याला विचारले की रहस्य संपले. एल्फ गुपित राखतात, हे उत्तर मला फार कमकुवत वाटते, कारण साऱ्या जमातीने एकच गोष्ट चार शतके दडवून ठेवावी हे पटण्यासारखे नाही आणि गेम मास्टर मुद्दाम वाट अडवतो आहे, असे खेळाडूंना लगेच जाणवते.

म्हणून मी असे योजले आहे, की एल्फांचे आयुष्य लांब असले तरी त्यांची स्मरणशक्ती माणसाएवढीच आहे. शंभरेक वर्षांपलीकडचे सारे पुसट होत जाते. जे टिकवायचे ते एल्फ गाण्यात बांधतात आणि दरवर्षी ठरलेल्या दिवशी म्हणतात. त्यामुळे बुडालेल्या नगराचा साक्षीदार खेळाडूंना भेटतो खरा, पण त्याला आता नगर आठवत नाही. चारशे वेळा म्हटलेले गाणे तेवढे आठवते. कोणी चालीसाठी शब्द बदलला असेल, कोणी दुःख सोसवेना म्हणून एक कडवेच गाळले असेल. दोन घराण्यांची गाणी जिथे जुळत नाहीत, तिथे शोधाचा पहिला दुवा ठेवता येतो. ही योजना मला मनापासून आवडली आहे. गटातील एका खेळाडूचा आक्षेप असा आहे, की सगळे विसरणारा एल्फ म्हणजे नुसता लांबलेला माणूस, आणि त्याच्या शहाणपणाबद्दल इतरांना वाटणारा आदर मग टिकणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे असे मला वाटते, पण त्याचे समाधानकारक उत्तर सुचलेले नाही.

नियमांचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकांच्या खेळाच्या १९७४ च्या मूळ नियमांत एल्फ योद्धा म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या लेव्हलच्या (अनुभवाने वाढणाऱ्या पायरीच्या) पुढे जाऊ शकत नसे; अशा मर्यादा २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत काढून टाकल्या गेल्या. आम्ही खेळतो त्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत एल्फचे शरीर माणसाच्याच वेगाने वाढते, पण तो प्रौढ गणला जातो साधारण शंभराव्या वर्षी. मग १२० वर्षांचा एल्फ आणि १८ वर्षांचा माणूस दोघेही पहिल्याच लेव्हलवर का, हे कोणीतरी विचारणारच. माझे उत्तर असे, की न वापरलेले कौशल्यही आठवणीसारखेच पुसट होते. त्यावरून एक नियम सुचला आहे : एल्फ पात्राच्या कागदावर पाच आठवणी लिहायच्या; प्रत्येक सत्रात एकदा खेळाडूने ‘हे मी पूर्वी शिकलो होतो’ असे जाहीर करून त्या प्रसंगापुरता प्रावीण्याचा बोनस (कौशल्य येत असल्यास फाशाच्या आकड्यात मिळणारी भर) घ्यायचा, आणि बदल्यात एक आठवण कायमची खोडायची. माणूस पात्रे खेळणाऱ्यांना यात अन्याय वाटेल का? आणि पाचही आठवणी संपल्यावर काय व्हावे? ते पात्र सोडून देण्यास खेळाडूला भाग पाडणे मला क्रूर वाटते, पण काहीच न झाल्यास नियमाला धार राहत नाही.

गेम मास्टरने चालवायच्या एल्फ पात्रांसाठी मी एक रीत ठरवली आहे. एल्फ माणसांना घराण्याने ओळखतात आणि व्यक्तींमधला फरक त्यांच्या ध्यानात राहत नाही. तरुण शेतकरी भेटला, की वृद्ध एल्फ त्याला सहज म्हणतो, “मागच्या खेपेस तुम्ही नदीचा हा काठ सोडून द्याल असे कबूल केले होते.” कबूल केलेले असते त्याच्या खापरपणज्याने. एल्फच्या लेखी वचन तेच आणि देणाराही तोच. अशा एका संवादाने जेवढे साधते तेवढे वयाचा आकडा सांगून साधत नाही. मात्र हे वागणे खेळाडूंनी चालवलेल्या एल्फांकडूनही यावे, त्यांना प्रत्येक वेळी आठवण करून द्यावी लागू नये, यासाठी काय करता येईल ते मला कळत नाही. पात्रनिर्मितीच्या वेळीच दोघांनाही एकेक जुने वचन लिहून द्यावे, की पहिल्या सत्रात त्यांच्यासमोर एखादा वृद्ध एल्फ उभा करून नमुना दाखवावा?

आमचे खेळाडू अनुभवी आहेत, त्यांना लढाईपेक्षा संवाद अधिक आवडतो आणि नियम थोडे वाढले तरी त्यांची हरकत नसते. ज्यांनी आठवण खर्च करण्यासारखा एखादा नियम लांब मोहिमेत चालवून पाहिला असेल, त्यांनी तो किती काळ टिकला आणि मध्येच बदलावा लागला असल्यास काय बदलले, हे कृपया सविस्तर लिहावे. गाण्यांतून इतिहास शोधण्याच्या कल्पनेत कुठे फट दिसत असेल, तर तीही स्पष्टपणे दाखवावी. मोहीम सुरू होण्याआधी ती बुजवायला मला अजून वेळ आहे.