शर्यतीत मेलेल्या घोड्यासाठी रडणाऱ्यांनी पुढची शर्यत पाहावी का?

चंदी (धागालेखक)

बार्बारोबद्दल ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ६ मे २००६ ला या घोड्याने अमेरिकेतली केंटकी डर्बी ही मानाची शर्यत साडेसहा लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकली. तोवर तो एकही शर्यत हरला नव्हता. दोनच आठवड्यांनी, २० मेला, बाल्टिमोरच्या पिम्लिको मैदानावर प्रीकनेसची शर्यत होती. तिथे तो वेळेआधीच गेट ढकलून बाहेर पडला. त्याला तपासून परत आत घेतलं. शर्यत सुटली आणि थोड्याच अंतरात, खचाखच भरलेल्या स्टँडसमोर, त्याचा मागचा उजवा पाय मोडला. जॉकी एडगर प्राडोने त्याला आवरलं, खाली उतरून स्वतःचा खांदा त्याला टेकू दिला आणि माणसं येईपर्यंत तसाच धरून उभा राहिला. घोडा पाय टेकवत नव्हता, खूर नुसता लोंबत होता. बाकीचे घोडे पुढे गेले. शर्यत पूर्ण झाली, बर्नार्डिनी जिंकला.

दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनियातल्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये डॉ. डीन रिचर्डसन यांनी त्या पायात धातूची पट्टी आणि २७ स्क्रू बसवले. दवाखान्यात फुलं, गाजरं, सफरचंदं, मुलांनी काढलेली चित्रं यांची रीघ लागली. जुलैत दुसऱ्या मागच्या पायाच्या खुराला लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा आजार) झाला आणि त्या खुराची बहुतेक भिंत काढावी लागली. २९ जानेवारी २००७ ला त्याला कायमचं झोपवलं. त्याच्या अस्थी चर्चिल डाउन्सच्या, म्हणजे डर्बीच्या मैदानाच्या, प्रवेशद्वाराबाहेर पुरल्या आहेत आणि २००९ पासून तिथे त्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे.

माझं म्हणणं असं. तो शोक खरा होता, ती गाजरं पाठवणाऱ्या कुणालाही मी ढोंगी म्हणणार नाही. पण तो शोक फक्त डर्बी जिंकणाऱ्याच्याच वाट्याला आला. आठवड्याच्या मधल्या वारी, शेवटच्या शर्यतीत, कमी किमतीचा एखादा घोडा पाय मोडून बसतो तेव्हा पडदा धरतात, इंजेक्शन देतात, गाडीत घालून नेतात आणि पुढच्या शर्यतीचे घोडे पॅडॉकमध्ये फिरायला लागतात. त्याचा सईस तेवढा रिकामा लगाम घेऊन तबेल्यात परततो. रोज पहाटे त्याला खरारा केलेला असतो, चंदी चारलेली असते.

म्हणून मला वाटतं, ज्याला बार्बारोसाठी रडू आलं त्याने या सगळ्या घोड्यांची नावं मागितली पाहिजेत. कुठल्या मैदानावर, कुठल्या तारखेला, कितवी शर्यत, कुठला पाय, आधी कुठली औषधं दिली होती. हे छापलं जात नाही तोवर मी शर्यतीच्या तिकिटाला पैसे देणार नाही. मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सलाही हाच नियम.

सहावा फर्लांग

तुमची कळकळ पोचली, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

मी लहानपणापासून पुण्याचा पावसाळी मोसम बघतोय. या खेळातल्या माणसांइतकं घोड्यावर जीव टाकणारं कुणी मी पाहिलेलं नाही. ट्रेनर पहाटे घोड्याच्या पायावरून हात फिरवून सांगतो, आज याला पळवायचं नाही, सांध्यात ऊब आहे. नालबंद, सईस, रायडिंग बॉय, सगळ्यांची घरं या घोड्यांवर चालतात. तुमच्यासारख्या जाणत्या लोकांनी पाठ फिरवली तर मैदानात उरतील ते फक्त आकड्यांवर पैसे लावणारे. त्यांना घोड्याचं नावही नको असतं. मग सांध्यातल्या उबेचा प्रश्न विचारणार कोण?

आणि सुधारणा होत नाहीत असं भासवू नका. अमेरिकेत २००९ पासून जीवघेण्या दुखापतींची नोंद ठेवतात. पहिल्या वर्षी दर हजार धावांमागे २ घोडे जात होते, २०२२ मध्ये तो आकडा १.२५ वर आला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सँटा अनिटावर एकामागून एक घोडे मेले तेव्हा मैदान बंद ठेवून तपासणी झाली, औषधांचे आणि चाबकाचे नियम कडक झाले. हे खेळ चालू राहिला म्हणूनच झालं.

गुरांची डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. रेसच्या घोड्यांवर काम करत नाही, पण घोडे हाताळलेले आहेत. ‘माणसाचा पाय मोडला तर प्लास्टर घालतात, घोड्याला लगेच का मारतात?’ हे मला दर वेळी विचारतात, म्हणून लिहिते.

घोड्याचं वजन साडेचारशे-पाचशे किलो. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीच, हाड, कंडरा आणि वर कातडी. हाडाचे तुकडे झाले की बऱ्याचदा कातडी फाटते, रक्तपुरवठा तुटतो, जखमेत माती जाते. समजा हाड जोडलंच, तरी घोडा आठवडेच्या आठवडे झोपून राहू शकत नाही. फुफ्फुसं, आतडी, दोन्हींवर ताण येतो. उभा राहिला तर सगळा भार चांगल्या पायावर. मग त्या चांगल्या पायाच्या खुराच्या आतले पापुद्रे हाडापासून सुटायला लागतात. तोच लॅमिनायटिस. म्हणूनच बार्बारो ज्या पायाने जायबंदी झाला, त्याच पायाने मेला असं नाही.

शुद्धीवर येणं हा तर वेगळाच धोका. ६ जुलै १९७५ ला बेलमाँट पार्कवर रफियन नावाची घोडी, दहाच्या दहा शर्यती जिंकलेली, फूलिश प्लेझरबरोबरच्या दोघांच्या शर्यतीत पुढचा उजवा पाय मोडून बसली. शस्त्रक्रिया झाली. भूल उतरताच ती आडवी पडल्या पडल्याच पाय मारत सुटली, जणू अजून पळतेच आहे. प्लास्टर फुटलं आणि सगळं वाया गेलं. बार्बारोला याच भीतीपायी पाण्याच्या टाकीत, तरंगत्या झोळीत ठेवून शुद्धीवर आणलं होतं. तीस वर्षांत केवढी मजल मारली, आणि तरी हातात काय आलं ते दिसतंच आहे.

वादाच्या मूळ मुद्द्यावर एकच सांगते. शवविच्छेदनात वारंवार दिसतं की मोडलेल्या जागी आधीपासून बारीक इजा असते, म्हणजे ‘अपघात’ म्हणतो त्यातले बरेचसे आठवडा-दोन आठवडे आधी पकडता येण्यासारखे असतात. पण ‘दोन वर्षांचं शिंगरू पळवलं म्हणून पाय मोडतो’ हेही इतकं सरळ नाही. कोवळ्या वयात बेताचा व्यायाम मिळाला तर हाड उलट बळकट होतं. घात होतो तो विश्रांती न देता भार वाढवत नेल्याने आणि वेदनाशामकं देऊन लंगडेपणा झाकल्याने.

रानवाट

डॉक्टर, तुमच्या प्रतिसादातून मला एकच दिसतं. ज्या प्राण्याचा पाय मोडला तर जगातली सगळी विद्या वापरूनही तो वाचेलच असं नाही, त्याला जिवाच्या आकांताने पळवायचंच कशाला?

एट बेल्स आठवा. ३ मे २००८, केंटकी डर्बी. एकोणीस नर घोड्यांत ती एकटी घोडी, आणि दुसरी आली. शेवटची रेषा ओलांडून वेग उतरवत असताना पुढचे दोन्ही पाय घोट्यांपाशी मोडले आणि मैदानातच तिला झोपवावं लागलं. त्याच वेळी विजेत्या बिग ब्राउनचा जल्लोष चालू होता. तिला शर्यत जिंकायची होती असं मला कुणी सांगू नये. घोड्याला पळायला आवडतं, हे कबूल. माळावर सोडा, पळेल, आणि थांबावंसं वाटलं की थांबेल.

चंदी, तुम्ही यादी मागताय. उद्या यादी छापली की तुम्ही परत तिकीट काढणार का?

मोकळा कासरा

शहरातली मंडळी घोड्यासाठी हळहळतात त्याबद्दल आदर आहे. पण २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आमच्या बैलगाडा शर्यती बंद झाल्या, त्या डिसेंबर २०२१ पर्यंत बंदच होत्या. तेव्हा आम्हाला क्रूर, अडाणी काय काय म्हटलं गेलं. त्या सगळ्या वर्षांत महालक्ष्मीवर घोडे पळतच होते. घाटात, म्हणजे आमच्या शर्यतीच्या धावपट्टीवर, बैल जायबंदी झाला तर तो आमच्या दावणीचा, घरातल्या बायका दोन दिवस जेवत नाहीत. आता आम्हाला परवानगीसाठी अर्ज, डॉक्टरांची तपासणी, अंतराची मर्यादा, सगळं आहे, आणि ते असायलाच हवं. नियम करायचे तर दोघांना सारखे करा. धागालेखकाची यादी आमच्या शर्यतींनाही लावा, माझी ना नाही.

सहावा फर्लांग

मोकळा कासरा, तुमचं म्हणणं रास्त आहे. तेव्हा आम्ही रेसवाले गप्प बसलो, हे खरं.

रानवाट, तुम्ही सांगता तसं माळावर सोडायला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीचा घोडा, हा रानातला प्राणी नाही. तीनशे वर्षं माणसाने पळण्यासाठी निवडून निवडून घडवलेली जात आहे. शर्यत बंद केली तर हे घोडे माळावर जाणार नाहीत. बरेचसे कसायाकडे जातील, आणि पुढची पिढी जन्मणारच नाही.

चंदी

रानवाट, तुमचा प्रश्न टाळत नाही. यादी छापली, आणि सलग काही मोसम ती लहान होत गेलेली दिसली, तर मी परत जाईन. तुम्हाला हे तडजोडीचं वाटेल. मला पळणारा घोडा बघायला मनापासून आवडतं आणि ते मला सोडायचं नाही. पण आज ज्या अवस्थेत मला माहीतच नाही की समोरचा सात नंबर कालची वेदना इंजेक्शनखाली झाकून उभा आहे की नाही, त्या अवस्थेत टाळ्या वाजवणं मला जमत नाही.

सहावा फर्लांग, शर्यतीबाहेर गेलेल्या घोड्यांचं काय होतं ते तुम्ही बोललात ते बरं झालं. घडवलेली जात आहे, मान्य. मग घडवणाऱ्याने तिच्या म्हातारपणाची सोयही करावी. प्रत्येक शर्यतीच्या बक्षिसातून ठराविक वाटा आधीच बाजूला काढावा, त्यातून पाय अधू झालेल्या घोड्यांचा दाणापाणी आणि उपचार चालावेत. मालकाच्या मर्जीवर सोडू नये.

गुरांची डॉक्टर

चंदी, यादीत एक रकाना वाढवा. मेलेल्या प्रत्येक घोड्याचं शवविच्छेदन सक्तीचं, आणि अहवाल क्लबच्या बाहेरच्या पशुवैद्यांनी वाचायचा. कॅलिफोर्नियात १९९० पासून हे करतात, आणि आधीच्या इजांबद्दल मी वर जे लिहिलं ते बरंचसं तिथूनच कळलं.

रानवाट

रकाने हवे तेवढे वाढवा. हजार धावांमागच्या त्या १.२५ मधला एक घोडा कोण असेल हे शर्यतीआधी कुणीच सांगू शकत नाही, म्हणून मी जाणार नाही. बक्षिसातल्या वाट्याच्या मागणीवर मात्र माझी सही घ्या.