एएमएच १.२ आलाय, थेट आयव्हीएफ सांगितलंय, पण ह्यांची तपासणी अजून झालेलीच नाही

नदीकाठ, इचलकरंजी

वय ३२, लग्नाला साडेचार वर्षं. दोन वर्षांपासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. पाळी २८-३० दिवसांनी नियमित येते, थायरॉईड नॉर्मल. गेल्या महिन्यात एएमएच केला, म्हणजे अंड्यांचा साठा बघायची रक्ताची तपासणी, १.२ आला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पाच मिनिटांत सांगितलं, "अंडी कमी आहेत, वेळ घालवू नका, आयव्हीएफ करून घ्या." खर्च पावणेदोन लाख, हप्त्यांची सोय आहे म्हणे. माझ्या नळ्यांची तपासणी झालेली नाही. मिस्टरांची तर कसलीच नाही. मी विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात असलं कुणाला काही नाही." हे काहीच बोलले नाहीत, ताटावरून उठून गेले.

मी झेडपी शाळेत शिकवते. पाळी आली की बाथरूममध्ये रडून घेते, तोंड धुते आणि वर्गावर जाते. मागच्या महिन्यात जावेचं डोहाळजेवण होतं, मला ओटी भरायला पुढे येऊ दिलं नाही. ते डोक्यातून जात नाही.

१.२ म्हणजे खरंच संपत आलं का? आयव्हीएफला हो म्हणू का? आणि ह्यांना तपासणीचं कसं सांगू? चौदाव्या दिवशी आम्ही न चुकता प्रयत्न करतो. आणखी काय करता येईल?

चैत्रपालवी, कोल्हापूर

तुझं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. ओटीचं दुःख मला माहीत आहे गं. माझ्या बाबतीत तर सख्ख्या मावशीनं केलं होतं.

आधी एएमएच. तो फक्त शिल्लक किती आहे तेवढं सांगतो, अंडी चांगली की वाईट ते सांगत नाही. ३२ व्या वर्षी १.२ जरा कमीच, म्हणून वर्षभर नुसतं थांबून राहू नकोस. पण पाळी नियमित असेल तर दर महिन्याला अंडं बहुधा तयार होतंच, आणि गर्भ राहायला एक पुरतं. आयव्हीएफ करताना जास्त अंडी मिळाली तर बरं, तिथे या आकड्याला खरं महत्त्व.

आता माझं सांगते. माझ्यावर १४ महिने उपचार झाले. दर महिन्याला पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अंडं वाढायच्या लेट्रोझोलच्या गोळ्या, मग एक दिवसाआड सोनोग्राफीला रांग, अंड्याची पिशवी १८-२० मिलिमीटरची झाली की ती फोडायचं इंजेक्शन, आणि घरी जाऊन वाट बघायची. अंडं दर वेळी फुटायचं. नळ्यांचा एचएसजी करून घेतला, म्हणजे आत औषध सोडून एक्स-रेवर नळ्या बघतात, दोन्ही मोकळ्या निघाल्या. आणि या १४ महिन्यांत एकाही डॉक्टरनं माझ्या नवऱ्याला आत बोलावलं नाही. तो बाहेर बाकड्यावर फाईल धरून बसायचा. शेवटी दुसऱ्या ठिकाणी गेलो, तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?" काहीशे रुपयांची तपासणी. शुक्राणूंचा आकडा आला ६ मिलियन, हालचाल १८ टक्के. त्या दिवशी मला राग आला तो नवऱ्याचा नाही, त्या १४ महिन्यांचा.

माझा नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत, भट्टीवर. आठ-आठ तास त्या धगीपुढे, आणि दिवसाला चार-पाच मावा. अंडकोश शरीराबाहेर असतात ते शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड राहावेत म्हणूनच. सतत उष्णता लागली की शुक्राणू कमी होतात, आणि तंबाखू वेगळं नुकसान करते. बाईंनी व्हेरिकोसील आहे का तेही तपासलं, म्हणजे तिथल्या शिरा फुगल्यात का. नव्हतं. मग सांगितलं, मावा बंद, जमलं तर भट्टी बंद, आणि तीन महिन्यांनी परत या. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात. आज सोडलेल्या माव्याचा फायदा आजच्या रिपोर्टात दिसत नाही. हे कळल्यामुळेच आम्ही पंधरा दिवसांनी निराश झालो नाही.

यानं साहेबांना सांगून डिस्पॅचला बदली मागितली. महिन्याला दोन हजार कमी मिळायला लागले. मावा सोडताना पहिले दहा दिवस घरात सगळ्यांवर ओरडत होता. मी शेंगदाणे आणि बडीशेपेच्या पुड्या करून त्याच्या खिशात ठेवायचे. तीन महिन्यांनी १४ मिलियन. आणखी तीन महिन्यांनी २१. मग आयआययू केलं, म्हणजे वीर्य धुऊन त्यातले चांगले शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडतात. पहिल्या दोन वेळा पाळी आली. तिसऱ्या वेळी राहिलं. मुलगी आता १४ महिन्यांची आहे. हे सगळ्यांना जमेलच असं मी म्हणणार नाही. आयआययूनं एका वेळी शंभरातल्या दहा-पंधरा जणींनाच दिवस जातात, आणि बहुतेक ठिकाणी तीन-चार वेळांनंतर पुढचा विचार करतात. माझ्यासोबत रांगेत बसणारी एक मैत्रीण शेवटी आयव्हीएफनंच आई झाली. तिच्या दोन्ही नळ्या जुन्या टीबीमुळे बंद होत्या, तिथे आयआययूचा उपयोगच नव्हता. म्हणून तर आधी कारण शोधायचं. तुझ्या नळ्यांची आणि मिस्टरांची, दोन्ही तपासण्या होईपर्यंत पैसे भरू नकोस.

आणि तो चौदावा दिवस सोड गं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, अंडं मात्र फुटल्यावर जेमतेम एक दिवस. म्हणजे अंडं फुटायच्या आधीचे दिवसच कामाचे. तुझी पाळी २८-३० दिवसांची, तर दहाव्या दिवसापासून सतराव्यापर्यंत एक दिवसाआड संबंध आले तर पुरे. आम्ही नाइट शिफ्टमुळे फक्त रविवारी भेटायचो, हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. फॉलिक ॲसिडची गोळी सुरू नसेल तर डॉक्टरांना विचारून आत्ताच कर, ती दिवस जाण्याआधीपासून घ्यायची असते.

नवऱ्याला सासूबाईंसमोर सांगू नकोस. मी गाडीवरून येताना सांगितलं, तोंडं एकमेकांकडे नव्हती म्हणून दोघांनाही सोपं गेलं. मी म्हणाले, "माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, आता एक तुमची राहिली." बस, एवढंच.

लॅबवाला, सांगली

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. मिस्टरांच्या वीर्याच्या तपासणीपुरतं सांगतो. आधी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. लॅबमध्येच नमुना दिला तर उत्तम. घरून आणायचा तर लॅबच्याच डबीत, साध्या निरोधात नाही, तेल-साबण-थुंकी काही न लावता, आणि तासाभरात पोचवायचा. डबी अंगालगत, शर्टाच्या आत ठेवा, फ्रिजमध्ये नको. पहिला थेंब सांडला असेल तर लाजू नका, सांगा. सर्वांत जास्त शुक्राणू त्यातच असतात. मागच्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा एका मिलिलिटरला १६ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. "फक्त ४ टक्के चांगले" वाचून माणसं आमच्या काउंटरवर रडलेली बघितली आहेत. ४ म्हणजे मर्यादेत. आणि एकाच रिपोर्टवर काही ठरवू नका, कमी आला तर परत करा.

सह्याद्री८४, पुणे

ताई, तुमच्या मिस्टरांच्या जागी मी होतो, म्हणून लिहितो. मीसुद्धा ताटावरून उठलो होतो. माझा रिपोर्ट शून्य आला. व्यायामशाळेत अंग भरावं म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होतो. त्यानं मर्दानगी वाढते असं वाटायचं, प्रत्यक्षात बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर शुक्राणू बनवणंच थांबवतं. कुणी सांगितलं नव्हतं. इंजेक्शनं बंद केली, मूत्ररोगतज्ज्ञांकडे उपचार घेतले, शुक्राणू दिसायला ११ महिने लागले. माझी बायको त्या रात्री फक्त माझ्या शेजारी बसून राहिली, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मीच आईला सांगितलं की दोष माझ्यात आहे, हिला कुणी काही बोलायचं नाही. तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या.

मांडवीकाठ, पणजी

आयव्हीएफची वेळ आलीच तर दोन गोष्टी बघा. २०२१ च्या कायद्यानं प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, नोंदणी क्रमांक मागा. तुमच्या दोघांची लेखी संमती लागते, ती वाचूनच सही करा. आमच्याकडे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून मोफत आयव्हीएफ सुरू झालंय. तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयातही एकदा चौकशी करा.

नदीकाठ, इचलकरंजी

सगळ्यांचे उत्तर वाचून दोन दिवस नुसती रडले, पण या वेळचं रडणं वेगळं होतं. परवा शाळेतून येताना ह्यांना गाडीवरच सांगितलं. पंचगंगेच्या पुलापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोमवारी सुट्टी टाकतो." रात्री पुण्याच्या दादांचं वाचायला दिलं, दोनदा वाचलं.

आज रिपोर्ट आला. ११ मिलियन, हालचाल ३१ टक्के. हे सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावतात तिथे, बॉयलरवर आहेत, ते मी आधी लिहिलंच नव्हतं, तसा विचारच केला नव्हता. आयव्हीएफचे पैसे भरले नाहीत. माझा एचएसजी येत्या पाळीच्या आठव्या दिवशी ठरलाय. चैत्रपालवीताई, फार दुखतं का हो?

चैत्रपालवी, कोल्हापूर

पाळीत कळ येते तशी मोठी कळ येते, दोन-तीन मिनिटं, औषध आत सोडतात तेव्हा. डॉक्टरांना विचारून तासभर आधी दुखण्याची गोळी घे. सोबत पॅड ने, घरी परत एकटी जाऊ नकोस. शनिवार असेल तर मला सांग, मी येते.