शत्रू पण तुमच्यासोबत वाढतात, ते बघा आधी

रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये लेव्हल कॅप, म्हणजे कॅरेक्टरची सगळ्यात वरची लेव्हल, गाठल्याशिवाय शेवटच्या बॉसकडे (मोठ्या शत्रूकडे) जाऊच नये असं वर दोघातिघांनी लिहिलंय, मला ते अजिबात पटत नाही. शत्रू तुमच्यासोबत वाढतात का हे आधी बघायला हवं, तो मुद्दा इथे कुणी काढलाच नाही. फायनल फॅन्टसी ८ (१९९९) घ्या, त्यात शत्रूंची लेव्हल तुमच्या पार्टीच्या, म्हणजे टीमच्या, सरासरी लेव्हलवरून ठरते, म्हणजे तासन् तास तेच तेच राक्षस मारून, म्हणजे ग्राइंडिंग करून, लेव्हल १०० ला पोचलात तरी समोरचा पण तगडा होऊनच येतो. खरी ताकद तिथे जंक्शनमध्ये आहे, जादू गोळा करायची आणि ती स्ट्रेंथला, एचपीला (म्हणजे किती मार सोसता येतो त्या आकड्याला) जोडायची. आणि कार्ड कमांडने शत्रूचं कार्ड केलं की एक्सपी (लेव्हल वाढवणारे पॉइंट) मिळत नाही पण एपी (अॅबिलिटी शिकायचे पॉइंट) मिळतात, त्यामुळे लेव्हल मुद्दाम खाली ठेवून सगळ्या अॅबिलिटी शिकून घेता येतात. मी तसाच खेळलो, आणि कमी लेव्हलची पार्टी मोठमोठे बॉस आडवे करते ते बघण्यात जी मजा आहे ती कुठल्याच ग्राइंडिंगमध्ये मला मिळाली नाही! ऑब्लिव्हियन या गेममध्येही (२००६) तेच, तुमची लेव्हल वाढली की रस्त्यावरचे साधे लुटारू ग्लास आर्मर, म्हणजे भारीतलं चिलखत, घालून फिरायला लागतात.

डिसगाया या गेमची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. तिथे कॅपच ९९९९ आहे, वर कॅरेक्टरला पुनर्जन्म देऊन परत लेव्हल १ पासून जास्त ताकदीने वाढवता येतं, आणि गोष्ट संपल्यानंतरचे बॉस त्याच हिशोबाने ठेवलेत. तिथे ग्राइंड करा, बिनधास्त करा.